ऑफिसचे प्रिंटिंग क्लाउडवर नेताना: पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

शेंगदाण्याची पुडी उलगडली की आत कुणाचे तरी पगारपत्रक किंवा बँकेचे स्टेटमेंट निघते, याचे आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. तो कागद चोरलेला नसतो. कुणीतरी प्रिंट देऊन फोन घ्यायला गेलेले असते, ती तासभर ट्रेवर पडून राहते, मग शेजारच्या टेबलावर सरकते आणि संध्याकाळी रद्दीच्या खोक्यात जाते. सुरक्षेवर ऑफिसांचा जो खर्च होतो, तो बहुतेक अँटिव्हायरस आणि फायरवॉलवर होतो. कागदाच्या या वाटेकडे कुणाचे लक्ष नसते.

हा लेख वीस ते दोनशे माणसांच्या ऑफिसमध्ये आयटीचे काम ज्याच्या गळ्यात आहे त्याच्यासाठी आहे. तो पूर्णवेळ आयटीवाला असेल, किंवा अकाउंट्स सांभाळून वायफायचा पासवर्डही सांभाळणारा असेल. सीए फर्म, वकिलांचे कार्यालय, रुग्णालय, बांधकाम व्यावसायिक, शाळेचे ऑफिस, कुठेही क्रम साधारण हाच राहतो. उदाहरण म्हणून मायक्रोसॉफ्टची युनिव्हर्सल प्रिंट ही सेवा घेतली आहे, कारण ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे त्यांच्यापैकी अनेकांनी तिचे पैसे आधीच भरलेले असतात आणि त्यांना ते ठाऊक नसते.

आधी समजून घ्या: क्लाउडवर जाते ते काय

जुन्या पद्धतीत ऑफिसमधल्या एका सर्व्हरवर सगळ्या प्रिंटरचे ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला शिकवणारे छोटे प्रोग्राम, बसवलेले असतात. प्रत्येक संगणक त्या प्रिंट सर्व्हरला फाइल देतो, सर्व्हर ती रांगेत लावतो आणि प्रिंटरकडे पाठवतो. क्लाउड पद्धतीत ही रांग आणि कुणाला कुठे प्रिंट काढता येईल याची यादी इंटरनेटवरच्या सेवेकडे जाते. काही सेवांमध्ये फाइलही तिकडे जाते, काहींत ती ऑफिसमध्येच राहते. प्रिंटर जागेवरच असतो. तोच, किंवा त्याच्या वतीने ऑफिसमधला एखादा संगणक, ४४३ या नेहमीच्या सुरक्षित पोर्टवरून बाहेर जाऊन विचारतो की माझ्यासाठी काही काम आहे का, आणि असेल तर घेऊन येतो.

म्हणजे बाहेरून आत येणारा एकही दरवाजा उघडावा लागत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण ‘घरून प्रिंट द्यायची आहे’ म्हटल्यावर राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून आत येणारी वाट उघडून, प्रिंटर थेट इंटरनेटवर ठेवणारे महाभाग अजूनही भेटतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये एकाने ९१०० हे पोर्ट उघडे असलेल्या जगभरच्या प्रिंटरवर प्यूडीपाय या यूट्यूबरची जाहिरात छापून दाखवली. सुमारे ५० हजार प्रिंटरवर ती पाठवल्याचा त्याचा दावा होता. त्याने नुसती जाहिरात छापली म्हणून थोडक्यात निभावले. कुणी क्लाउड प्रिंटिंगच्या नावाखाली पोर्ट उघडायला सांगितले तर तिथेच थांबवा.

प्रिंट सर्व्हर का काढायचा, याचे उत्तर २०२१ च्या जुलैमध्ये मिळाले. विंडोजच्या प्रिंट स्पूलर या प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या सेवेतली प्रिंटनाइटमेअर ही त्रुटी, क्रमांक सीव्हीई-२०२१-३४५२७, उघड झाली. साध्या वापरकर्त्याचे लॉगिन हाती असलेला हल्लेखोर स्पूलरमार्फत त्या संगणकावर सर्वोच्च अधिकाराने हवा तो प्रोग्राम चालवू शकत होता. मायक्रोसॉफ्टला महिन्यातून एकदा दुरुस्त्या देण्याच्या नेहमीच्या मंगळवारची वाट न पाहता तातडीने दुरुस्ती द्यावी लागली, आणि ऑगस्टपासून प्रिंटर ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचे अधिकार लागतील असा बदल करावा लागला. त्यानंतर अनेक ऑफिसांत साधा प्रिंटर जोडतानाही ॲडमिन पासवर्डची खिडकी येऊ लागली. या सगळ्याचे मूळ ड्रायव्हरमध्ये आहे. दर कंपनीचा वेगळा ड्रायव्हर, तोही सर्वोच्च अधिकाराने चालणारा, ही व्यवस्थाच आता मोडीत निघते आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट’ नावाची सोय आली आहे. ती सुरू केली की बाहेरचे ड्रायव्हर चालतच नाहीत, फक्त आयपीपी या सामायिक पद्धतीने प्रिंट होते. तेव्हा यापुढे नवा प्रिंटर घेताना त्यावर मोप्रियाचे, म्हणजे तो या सामायिक पद्धतीने छापतो असे सांगणारे, प्रमाणपत्र आहे का, एवढे तरी विक्रेत्याला विचारा.

पहिली पायरी: मोजदाद

कोणतीही सेवा निवडण्याआधी वही घेऊन ऑफिसभर फिरा. प्रत्येक मशीनच्या मेनूत कॉन्फिगरेशन पेज छापायची सोय असते. ते पान काढा. त्यावर मॉडेल, फर्मवेअरची (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि आजवर छापलेल्या पानांचा आकडा मिळतो. शेजारी हाताने लिहा: मशीन स्वतःचे की भाड्याचे, हार्ड डिस्क आहे का, यूएसबीने जोडलेले की नेटवर्कवर, आणि त्याच्या जवळ कोण बसते.

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच. फॉर्म १६, पगारपत्रके, केवायसीसाठीच्या आधार आणि पॅनच्या प्रती, नेमणूकपत्रे, खटल्याची कागदपत्रे, तपासणीचे रिपोर्ट हे कोणत्या मशीनवर निघतात ते शोधा. बऱ्याचदा एचआरचे प्रिंट रिसेप्शनच्या मशीनवर निघत असतात, कारण एचआरच्या केबिनमधला प्रिंटर सहा महिने टोनरवाचून पडलेला असतो.

याच फेरीत डॉट मॅट्रिक्स वेगळे काढा. टॅलीतून कंटिन्यूअस कागदावर चलने, गोदामात तीन प्रतींची बिले, छापील चेक ही कामे करणारे डॉट मॅट्रिक्स क्लाउडवर नेण्याच्या फंदात पडू नका. ते यूएसबीने ज्या संगणकाला जोडलेले आहेत तिथेच सुखात राहू द्या. बारकोड आणि कुरिअरच्या लेबल प्रिंटरचेही तेच. ‘शंभर टक्के क्लाउड’ हा सेल्समनचा आग्रह असतो, तुमची ती गरज नसते.

दुसरी पायरी: आधी मशीन बंदिस्त करा

बहुतेक मार्गदर्शिका इथे घाईने पुढे जातात. माझ्या मते निम्मी सुरक्षा याच पायरीत आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

ऑफिसचे मोठे मशीन, ज्याला आपण सगळे झेरॉक्स मशीनच म्हणतो, हा पूर्ण संगणक आहे. त्याला प्रोसेसर, मेमरी, अनेकदा हार्ड डिस्क आणि स्वतःचे वेब पेज असते. ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता टाका. ॲडमिन पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल, आणि तो इंटरनेटवर मॉडेलच्या नावाने शोधला की सापडतो. सगळ्यात आधी तो बदला आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. एएमसीवाल्या इंजिनिअरला तो पासवर्ड फोनवर देऊ नका. तो आला की तुम्ही स्वतः टाका.

मग फर्मवेअर अद्ययावत करा. भाड्याच्या मशीनच्या बाबतीत हे काम पुरवठादाराचे आहे हे करारात लिहून घ्या, नाहीतर मशीन बसवले त्या दिवसाचेच फर्मवेअर पाच वर्षे चालते.

त्यानंतर नको त्या सेवा बंद करा. टेलनेट आणि एफटीपी आज कुणालाही लागत नाही. एसएनएमपी ही टोनरची पातळी कळवणारी सेवा जुन्या आवृत्तीत ‘पब्लिक’ या जगजाहीर परवलीच्या शब्दावर चालते. ती तिसऱ्या आवृत्तीवर न्या, किंवा निदान तो शब्द बदला. ९१०० पोर्ट लगेच बंद करता येतेच असे नाही, कारण क्लाउड आणि जुने मशीन यांच्यातला दुवा असलेला तुमचा कनेक्टर संगणक (तो चौथ्या पायरीत येतो) त्यावरूनच प्रिंट पाठवत असू शकतो. पण त्या मशीनच्या सेटिंगमध्ये ‘फक्त या आयपी पत्त्यांकडून स्वीकार’ अशी यादी देण्याची सोय बहुधा असते. तिथे कनेक्टरचाच पत्ता ठेवा. तुमचा नेटवर्क स्विच व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे, हाताळू शकत असेल तर सगळे प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनवर टाका. पाहुण्यांच्या वायफायवरून प्रिंटर दिसता कामा नये, हे मोबाइल हातात घेऊन स्वतः तपासा.

स्कॅन करून ईमेल पाठवण्याची सोय वापरता ना? त्यासाठी मशीनमध्ये कुणाच्या तरी मेलचा पासवर्ड साठवलेला आहे. तो मालकांचा किंवा अकाउंट्स प्रमुखांचा असेल तर आजच बदला आणि फक्त स्कॅनसाठी वेगळे, कमीत कमी अधिकारांचे खाते करा. मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये नोकरी सोडून गेलेल्यांचे खासगी पत्तेही असतात. तेही पुसा.

राहिली हार्ड डिस्क. अमेरिकेतल्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने भाड्याची फोटोकॉपी मशीन्स डिस्क न पुसता परत केली. त्यातले एक मशीन एका वृत्तवाहिनीने विकत घेतले आणि आत रुग्णांची माहिती जशीच्या तशी सापडली. संस्थेच्याच अंदाजाने ३ लाख ४४ हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यात अडकली असावी, आणि २०१३ मध्ये तिने सरकारशी १२ लाख १५ हजार डॉलरहून जास्त रकमेची तडजोड केली. आपल्याकडे भाड्याची मशीन्स या ऑफिसमधून त्या ऑफिसात फिरतात, मधे कुणी डिस्क पुसते का हे कुणी विचारतही नाही. मशीनमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आणि काम झाल्यावर ओव्हरराइट करण्याची सेटिंग असेल तर दोन्ही सुरू करा. करारात एक ओळ घाला: मशीन परत नेताना डिस्क आमच्यासमोर पुसायची किंवा काढून द्यायची. पुरवठादार कुरकुर करेल. करू द्या.

तिसरी पायरी: सेवा निवडणे

बाजारात पर्याय भरपूर आहेत. युनिव्हर्सल प्रिंट, पेपरकट हाइव्ह, प्रिंटिक्स, पूर्वी प्रिंटरलॉजिक नावाने ओळखली जाणारी व्हेजन प्रिंट, कॅननच्या मशीनसोबत सुचवली जाणारी युनिफ्लो ऑनलाइन. फीचरचे तक्ते लावून तुलना करत बसलात तर डोके भणभणेल. चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागा, तेवढ्यात बरेच पर्याय गळतात.

फाइल कुठून जाते? युनिव्हर्सल प्रिंटमध्ये फाइल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून जाते. पेपरकट हाइव्हची रचना वेगळी आहे. व्यवस्थापन क्लाउडमध्ये असते, पण प्रिंटची फाइल शक्यतो ऑफिसच्या नेटवर्कमधल्याच संगणकांवर थांबते. दोन्हीत वाईट काही नाही. पण तुमच्या ग्राहकाशी झालेल्या करारात ‘माहिती आमच्या आवाराबाहेर जाणार नाही’ असे कलम असेल, जसे बँकांची कामे घेणाऱ्यांच्या करारात असू शकते, तर उत्तर तिथेच ठरते.

इंटरनेट गेले तर? काही सेवा स्थानिक पातळीवर छापत राहतात, काही पूर्ण थांबतात.

मशीनपाशी जाऊन ओळख पटवल्याशिवाय प्रिंट बाहेर येणार नाही, ही सोय तुमच्या मॉडेलवर चालते का? ‘चालते’ असे तोंडी उत्तर घेऊ नका, तुमच्याच मशीनवर करून दाखवायला सांगा.

आणि चौथा, कुणी सहसा न विचारलेला प्रश्न: ही सेवा बंद पडली तर आम्ही बाहेर कसे पडायचे? गूगल क्लाउड प्रिंट जवळजवळ दहा वर्षे चालली, तरी गूगलने ३१ डिसेंबर २०२० ला ती बंद केली. शाळा आणि क्रोमबुक वापरणाऱ्या ऑफिसांना नव्याने मांडामांड करावी लागली. म्हणून दर माणशी किंवा दर प्रिंटर किती, या हिशोबासोबत कराराची मुदतही बघा. पाच वर्षांचे पैसे एकदम भरून मिळणारी सवलत मी तरी घेणार नाही.

चौथी पायरी: प्रत्यक्ष मांडणी

युनिव्हर्सल प्रिंटचे लायसन्स मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्रीमियम, ई३ आणि ई५ या योजनांत येते. बिझनेस बेसिक आणि बिझनेस स्टँडर्डमध्ये येत नाही, तिथे ते वेगळे विकत घ्यावे लागते. प्रत्येक लायसन्समागे महिन्याला ठरावीक प्रिंट जॉब मिळतात आणि ते साऱ्या ऑफिसच्या सामायिक खात्यात जमा होतात. जॉब म्हणजे एकदा दिलेली प्रिंट. मग ती एका पानाची असो की साठ पानांची. तुमच्या योजनेत आज किती जॉब मिळतात ते ॲडमिन पोर्टलवर बघा आणि मोजदादीत निघालेल्या वापराशी ताडून पाहा.

कामाला लागताना ग्लोबल ॲडमिनचे, म्हणजे सगळे अधिकार असलेले, खाते वापरू नका. एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या खाती सांभाळणाऱ्या सेवेत ‘प्रिंटर ॲडमिनिस्ट्रेटर’ अशी वेगळी भूमिका आहे. ती एका खात्याला द्या आणि त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. फक्त प्रिंटर नोंदवण्याचे काम करणाऱ्या मदतनिसाला ‘प्रिंटर टेक्निशियन’ ही छोटी भूमिका पुरते.

नव्या मशीनपैकी काही ‘युनिव्हर्सल प्रिंट रेडी’ असतात. अशा मशीनच्या वेब पेजवर नोंदणीचे बटण असते, ते दाबले की एक कोड मिळतो, तो मायक्रोसॉफ्टच्या साइन-इन पानावर टाकला की मशीन थेट क्लाउडशी जोडले जाते. मध्ये कुठलाही संगणक लागत नाही. खरेदीच्या वेळी थोडे पैसे जास्त गेले तरी हेच घ्या.

जुन्या मशीनसाठी कनेक्टर लागतो. हा एक छोटा प्रोग्राम असतो. तो ऑफिसमधल्या कायम चालू राहणाऱ्या विंडोज संगणकावर बसवायचा. आधी त्या संगणकावर सगळे प्रिंटर नेहमीसारखे जोडा आणि प्रत्येकावर चाचणी पान काढा. इथे जे छापत नाही ते क्लाउडमधूनही छापणार नाही. मग कनेक्टर बसवा, वरच्या खात्याने लॉगिन करा, कनेक्टरला नाव द्या आणि यादीतले प्रिंटर निवडून नोंदवा. हा संगणक झोपी जाणार नाही अशी पॉवर सेटिंग करा, त्याला यूपीएस द्या आणि कुणाच्या टेबलावर ठेवू नका. ‘रिसेप्शनच्या मॅडमनी संध्याकाळी बंद केला’ हे सकाळच्या गोंधळाचे सर्वांत सामान्य कारण आहे. कनेक्टर बंद पडला की त्याच्यावरचे सगळे प्रिंटर ठप्प होतात, म्हणून दुसऱ्या शाखेला तिचा वेगळा कनेक्टर द्या.

नोंदवलेला प्रिंटर लगेच कुणाला दिसत नाही. आझुर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या पोर्टलमध्ये युनिव्हर्सल प्रिंट उघडून तो शेअर करावा लागतो. शेअर करताना पुढे ‘संस्थेतल्या सगळ्यांना परवानगी’ असे एक बटण दिसते. कॉरिडॉरमधल्या मशीनसाठी ते ठीक आहे, एचआर आणि अकाउंट्सच्या मशीनसाठी मात्र त्या विभागाचा ग्रुप निवडा. माणसांची नावे एकेक करून टाकू नका, नाहीतर बदली आणि नवी भरती झाली की दर वेळी तुमच्या मागे कटकट.

नावे देताना मॉडेल नंबर विसरा. ‘ठाणे, दुसरा मजला, लेखा विभाग’ असे नाव नव्या माणसालाही कळते. शहर, इमारत, मजला यांच्या रकान्यांत माहिती भरली की शोधताना जवळचा प्रिंटर सापडतो. पाठपोट छपाई आणि काळा-पांढरा रंग हे डीफॉल्ट ठेवा. रंगीत हवे त्याने मुद्दाम निवडावे.

वापरणाऱ्याच्या बाजूने काम सोपे आहे. संगणक एन्ट्रा आयडीशी जोडलेला हवा. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, ॲड डिव्हाइस, यादीतून निवड, झाले. ॲडमिन पासवर्ड नाही, ड्रायव्हरची सीडी नाही. तुमच्याकडे इंट्यून, म्हणजे मायक्रोसॉफ्टची सगळे संगणक एका जागेवरून सांभाळण्याची सेवा, असेल तर प्रत्येकाच्या संगणकावर त्याच्या विभागाचा प्रिंटर परस्पर बसवता येतो.

यानंतरचे काम लोक विसरतात: संगणकांवरचे जुने, थेट आयपीने जोडलेले प्रिंटर काढून टाका. ते राहिले तर माणसे सवयीने तिथेच प्रिंट देतात, तुमचे सगळे नियम बाजूला पडतात आणि नोंदीही अर्धवट राहतात.

पाचवी पायरी: माणूस आल्याशिवाय कागद नाही

एवढ्या खटाटोपातून एकच गोष्ट करता आली तर ही करा. प्रिंट दिल्यावर ती रांगेत थांबते. तुम्ही मशीनपाशी जाता, कार्ड दाखवता, पिन टाकता किंवा मशीनवर चिकटवलेला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करता, तेव्हा कागद बाहेर येतो. विसरलेली प्रिंट मुदत संपल्यावर रांगेतूनच पुसली जाते. ट्रेवरचा ढीग पहिल्या आठवड्यातच ओसरतो आणि कागदाची बचत होते ती वेगळीच.

कार्डाचा विचार असेल तर हजेरीचे कार्ड चालते का ते आधी पाहा. आपल्याकडची जुनी हजेरी कार्डे १२५ किलोहर्ट्झवर चालतात, नवी १३.५६ मेगाहर्ट्झवर. रीडर त्याच जातीचा लागतो. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डे बाजारात स्वस्तात नक्कल होतात, त्यामुळे गोपनीय कागदांसाठी कार्डाबरोबर पिनही ठेवा. क्यूआर पद्धतीला रीडरचा खर्च नाही, पण प्रत्येकाच्या फोनवर ऑफिसचे ॲप आणि लॉगिन लागते. सगळ्यांना ते आवडत नाही आणि त्यांची हरकत रास्त आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. साहेब स्वतः प्रिंट आणायला उठत नाहीत. त्यांचे कागद शिपाईमामा आणतात. तेव्हा नवी व्यवस्था आली की दुसऱ्या दिवशी साहेबांचे कार्ड मामांच्या गळ्यात दिसते. त्यावर रागावून उपयोग नाही. काही सेवांमध्ये ‘डेलिगेट’ नेमता येतो, म्हणजे मामा स्वतःच्या कार्डाने साहेबांची प्रिंट सोडवू शकतात आणि नोंद मामांच्या नावाने राहते. तुमच्या सेवेत ती सोय नसेल तर साहेबांच्या केबिनमध्ये छोटा प्रिंटर ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग. व्यवस्था माणसांच्या सवयीशी भांडायला लागली की हरते ती व्यवस्थाच.

प्रिंट थांबवून ठेवण्याचा नियम सरसकट लावू नका. गोदामातली चलने, रुग्णालयातली औषधाची लेबले, रिसेप्शनवरचे टोकन हे लगेच यायलाच हवेत. अशा मशीनला सूट द्या, पण त्या मशीनवर कुणाला छापता येईल याची यादी आणखी लहान करा.

सहावी पायरी: नोंदी

क्लाउड सेवा प्रत्येक जॉबची नोंद ठेवते: कुणी, कधी, कोणत्या मशीनवर, किती पाने. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. तुमच्या सेवेत नोंदी किती दिवस टिकतात ते बघा. कमी असतील तर दरमहा उतरवून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पगारपत्रक छापण्याआधी ते डिजिटलच असते, हे विसरू नका.

नोंदींचीही दुसरी बाजू आहे. अनेक सेवांच्या नोंदींत फाइलचे नावही उतरते, आणि ‘राजीनामा अंतिम’ किंवा ‘रक्त तपासणी’ एवढे नाव पुरेसे बोलके असते. नाव लपवण्याची सेटिंग असेल तर ती सुरू करा, नोंदी पाहण्याचा अधिकार दोघांपुरता ठेवा, आणि नोंद ठेवली जाते हे सगळ्यांना आधी सांगा. कुणी किती पाने छापली याची यादी नोटीस बोर्डावर लावण्याचा मोह टाळा.

सातवी पायरी: चाचणी आणि बदलाचा दिवस

एका मजल्यावर, एका विभागापासून सुरुवात करा. तारीख निवडताना कॅलेंडर बघा. अकाउंट्सचे ऑफिस असेल तर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीमुळे गजबजलेली, जुलैअखेर आयकर विवरणपत्रांची, मार्चबद्दल बोलायलाच नको. दिवाळीनंतरचा शांत आठवडा चांगला.

चाचणीत नुसते वर्डचे पान छापून समाधान मानू नका. मराठी ऑफिसमध्ये हमखास अडणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली पत्रे, ज्यांत फाँट अंतर्भूत नाही अशा पीडीएफ, छापील लेटरहेडवर नेमक्या जागी येणारा मजकूर, लीगल आकाराचा कागद, दुसऱ्या ट्रेमधला स्टॅम्प पेपर. हे सगळे सामायिक ड्रायव्हरवर छापून बघा, शक्यतो रोज ते काम करणाऱ्याच्याच हातून. मशीनच्या ड्रायव्हरमधली स्टेपल करणे किंवा पुस्तिका करणे यांसारखी एखादी सोय नव्या पद्धतीत दिसत नाही असे होऊ शकते. ती कुणाला खरोखर लागते ते आधी विचारा.

इंटरनेट गेल्याच्या दिवसासाठी एक प्रिंटर यूएसबीने एका संगणकाला जोडून ठेवा आणि त्याची जागा दोघातिघांना माहीत असू द्या.

आणि जे सॉफ्टवेअर तुम्ही सुरक्षेसाठी आणले त्याचेही अपडेट लागतात. एप्रिल २०२३ मध्ये पेपरकटच्या, ग्राहकाने आपल्या ऑफिसात बसवायच्या, आवृत्त्यांतल्या सीव्हीई-२०२३-२७३५० या त्रुटीवर हल्ले सुरू झाले. दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांचे सर्व्हर हल्ल्यात सापडले. क्लाउड सेवेत सर्व्हरची बाजू कंपनी सांभाळते, पण तुमच्या ऑफिसातला कनेक्टर आणि मशीनचे फर्मवेअर तुमच्याकडेच राहते. तीन महिन्यांतून एकदा दोन्हींच्या आवृत्त्या तपासण्याची आठवण कॅलेंडरमध्ये टाका.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याचे खाते बंद केले की प्रिंटचा अधिकार आपोआप जातो. त्याचे कार्ड मात्र हाताने रद्द करावे लागते, ते एचआरच्या निरोपाच्या यादीत घाला.

जुना प्रिंट सर्व्हर उतरवणे

सगळे मजले नव्या पद्धतीवर आल्यावर जुना सर्व्हर लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर त्याची रांग उघडून बघत राहा. कुठूनतरी प्रिंट येतच असते: स्टोअरमधला विसरलेला संगणक, दर शुक्रवारी आपोआप रिपोर्ट छापणारे एखादे जुने सॉफ्टवेअर. ती एकेक करून हलवा. रांग पूर्ण महिनाभर रिकामी राहिली की त्यावरचे शेअर काढा. मग ज्या सर्व्हरवरून काहीच छापायचे नाही, विशेषतः डोमेन कंट्रोलर (ऑफिसची सगळी लॉगिन तपासणारा सर्व्हर), त्या प्रत्येकावर सर्व्हिसेस उघडून प्रिंट स्पूलर आधी थांबवा आणि त्याचा स्टार्टअप प्रकार ‘डिसेबल्ड’ करा. कनेक्टरच्या संगणकावर मात्र तो चालू ठेवा. तिथे तो बंद केलात तर ज्या मशीनना कनेक्टर लागतो ती सगळी एका क्षणात मुकी होतील.